मूल सोबत असेल तरच

लग्नाला एकवीस वर्षं होईपर्यंत आम्ही नवराबायको दोघंच असे कुठे सहलीला गेलो नव्हतो. नवऱ्याचं घर मोठं. कात्रजच्या अलीकडे त्यांचं गाव होतं. गाव जागचं हललं नाही, पुणेच त्याच्या अंगावर चालून आलं. शेतं जाऊन इमारती उभ्या राहिल्या, पण माणसं एकत्र राहिली: सासूबाई, दोन दीर, दोन जावा आणि त्यांची चार मुलं. सुट्टी लागली की दोन गाड्या भरायच्या आणि कोकणात जायचं. मी कायम मधल्या सीटवर, मांडीवर कुणाचं तरी पोर आणि पायाशी चकल्यांचा डबा.

आम्हाला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सासूबाईंचे उपास झाले. मग तो विषय बंद पडला. बसून, ठरवून बंद केला असं नाही. एक दिवस लक्षात आलं की कितीतरी महिन्यांत आपण यावर बोललेलो नाही, आणि मग तसंच राहिलं. घरातली बाकी माणसंही माझ्यासमोर जपून बोलू लागली. कुणाकडे बारसं असलं की मला ते दोन दिवस उशिरा कळायचं.

गेल्या दिवाळीपर्यंत पुतणे-पुतण्या मोठी झाली होती. कुणाला मित्रांबरोबर जायचं होतं, कुणाचा क्लास होता. कोकण रद्द झालं. तेव्हा एका संध्याकाळी नवरा माझ्यासमोर मोबाइल धरून म्हणाला, "आपण दोघंच जाऊ. बुकिंग केलंय."

साताऱ्याच्या रस्त्याला, घाट ओलांडून पुढे तास-सव्वा तासावर नवीन झालेलं ते पार्क होतं. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, राहायला खोल्या. मी शाळेत गणित शिकवते. वर्षभर एका वर्गात साठ मुलांचा आरडाओरडा ऐकायचा आणि सुट्टीत दुसऱ्यांच्या मुलांचा ऐकायला गाडीत पेट्रोल भरून जायचं, ही कल्पना मला फारशी भावली नाही. मी तसं बोलणार होते, तेवढ्यात त्याने पुढचा फोटो दाखवला. लाल इंजिन, त्याला चार उघडे डबे, झाडीतून जाणारे अरुंद रूळ.

"छोटी रेल्वे हाय तिथं," तो म्हणाला. "तू सांगतेस ना कायम."

एरवी तो शहरातलंच मराठी बोलतो. कारखान्यात सुपरवायझर आहे, दिवसभर बोलण्याचंच काम. पण फार आनंद झाला किंवा फार राग आला की त्याच्या तोंडी 'हाय' येतं.

मी कायम सांगते ते असं. माझं माहेर सदाशिव पेठेतलं, दोन खोल्यांचं. वडील सरकारी कचेरीत कारकून. महिन्यातल्या एका रविवारी ते मला तळ्यातल्या गणपतीला घेऊन जायचे आणि तिथून शेजारच्या बागेत. त्या बागेत मुलांची आगगाडी होती. मी शेवटच्या डब्यात बसायचे. वडील बसायचे नाहीत. मोठ्या माणसाने पोरांच्या गाडीत बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. ते कुंपणापाशी उभे राहायचे, काखेत छत्री, हातात घडी केलेला पेपर. गाडी वळली की ते दिसेनासे व्हायचे. आता परत आल्यावर ते तिथे नसले तर? फेरी पुरी होऊन गाडी पुन्हा त्या बाजूला आली की ते तिथेच असायचे. पेपर जरासा वर करायचे. एवढंच. त्या दोन-तीन मिनिटांत मला जी भीती वाटायची आणि मग जे बरं वाटायचं, तसं पुढे मला कशानेच वाटलं नाही. हे मी नवऱ्याला लग्नाआधी सांगितलं होतं आणि नंतरही इतक्यांदा, की तो पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणायचा.

म्हणून मी हो म्हटलं.

निघताना सासूबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा दिला. "दोघंच?" असं एकदा विचारलं आणि मग स्वतःच "जावा, जावा" म्हणाल्या.

तो डबा पार्कच्या दारातच अडला. पिशवी तपासणाऱ्या बाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि सांगितलं, "बाहेरचं खाणं चालत नाही. इथे टाका."

"टाका म्हणजे?"

"डस्टबिनमध्ये. लहान बाळाचं खाणं असेल तर सोडतो. बाळ आहे का?"

"नाही."

"मग टाका."

सासूबाईंनी पहाटे उठून केलेल्या पुऱ्या कचऱ्यात टाकणं मला जमणार नव्हतं. परत गाडीत ठेवायला पार्किंग अर्धा किलोमीटर लांब. शेवटी आम्ही दोघं त्या बाईंच्या टेबलाशेजारी उभं राहून पुऱ्या संपवू लागलो. बारा पुऱ्या होत्या. नवऱ्याने आठ खाल्ल्या. आमच्या बाजूने लोक आत जात होते, मुलं वळून बघत होती, आणि त्या बाई आमच्या तोंडाकडे लक्ष ठेवून होत्या, जणू आम्ही एखादी पुरी गालात लपवून आत नेणार होतो.

पुढच्या खिडकीत मनगटाला कागदी पट्टा बांधणाऱ्या मुलीने विचारलं, "किड्स किती?"

"नाहीत."

"घरी ठेवून आलात? मस्त."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि पट्ट्यासाठी हात पुढे केला.

आत काय होतं ते फार सांगत नाही. ऊन होतं. दिवाळीनंतरचं असूनही डोक्यात जाणारं. चारही बाजूंनी वेगवेगळी गाणी लागली होती आणि प्रत्येक खांबाला एक भोंगा. मोठ्या पाळण्यासाठी आम्ही पाऊण तास उभे राहिलो. आमच्या पुढे दोन कुटुंबं उरलेली असताना तो बंद पडला आणि भोंग्यातून एक आनंदी आवाज म्हणाला की तांत्रिक कारणामुळे ही राइड थोडा वेळ विश्रांती घेत आहे. नंतर एका झुलत्या होडीत बसलो. आठ पुऱ्या खाल्लेल्या माणसाने तिच्यात बसू नये. उतरल्यावर नवरा बराच वेळ एका सिमेंटच्या हत्तीला टेकून उभा राहिला. मी पाणी आणायला गेले तर तिथेही रांग.

"आपण सरळ रेल्वेकडे जायला हवं होतं," मी म्हटलं.

"ती शेवटी ठेवलीय," तो म्हणाला. "चांगलं शेवटी."

चार वाजता आम्ही रेल्वेच्या रांगेत लागलो. फोटोत होती तशीच होती गाडी. लाल इंजिन, उघडे डबे. मी उगाचच साडीचा पदर सारखा केला. हो, मी साडी नेसून गेले होते. पार्कमध्ये माझ्याशिवाय साडीत फक्त आज्या होत्या. रांग हळूहळू सरकत होती आणि प्रत्येक वेळी गाडी शेजारून गेली की मी तिचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत बघायचे. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. त्या पूर्ण दिवसातली तेवढीच दहा-पंधरा मिनिटं चांगली गेली.

आमचा नंबर आला. टोपी घातलेली एक मुलगी दोरी धरून उभी होती. तिने आमच्या मागे वाकून पाहिलं.

"मुलं कुठेयत?"

"आम्ही दोघंच आहोत," मी म्हटलं.

"मग नाही बसता येणार, मॅडम. बोर्ड आहे ना."

बोर्ड होता. आम्ही त्याच्या शेजारी इतका वेळ उभे होतो आणि त्यावरचं इंजिनाचं चित्रच बघत होतो. खाली लिहिलं होतं: 'लहान मूल सोबत असेल तरच मोठ्यांना प्रवेश.'

मी लगेच बाजूला झाले. मला सवय आहे. एखाद्या ठिकाणी आपण चुकून आलो असं वाटलं की मी निघते, वाद घालत नाही. पण नवरा हलला नाही.

"का?" त्याने विचारलं.

"रूल आहे, सर."

"रूल कशासाठी हाय ते सांगा."

"सेफ्टीसाठी."

"आम्ही पडू व्हय गाडीतनं?"

मागून कुणीतरी हसलं. मी त्याच्या बाहीला धरून म्हटलं, "चल." त्याने बाही सोडवून घेतली.

"सर, प्लीज," ती मुलगी म्हणाली. तिचा तरी काय दोष? "उद्या मुलांना घेऊन या ना. तुमच्या पट्ट्यावर उद्याचंपण तिकीट आहे."

आणि मग तो बोलला. मोठ्याने नाही, पण रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मुलं नाहीत आम्हाला. झालीच नाहीत. आता काय करायचं? म्हणजे आम्ही कधी बसायचंच नाही का?"

आमच्या मागे एक बाई दोन मुलींना घेऊन उभी होती. तिने चटकन धाकटीला पुढे ढकललं. "हिला घेऊन बसा ना, काकू. जा गं, काकूंबरोबर बस."

पाचेक वर्षांची असेल ती. ती आईच्या कुर्त्याला चिकटली. "मला नको."

"असं काय करतेस? काकूंना बाळ नाहीये ना."

बाई चांगल्या मनाचीच होती. तिच्या डोळ्यांत पाणीही होतं की काय कोण जाणे, मी बघायला थांबले नाही. दोरीवाली मुलगी सुटल्यासारखी म्हणाली, "हां, हे चालेल." नियम पाळला जात होता, मूल कुणाचंही असो. मी "नको, थँक्यू" म्हटलं आणि लोकांना ओलांडत बाहेर आले. समोर कुंपण होतं, ते धरून उभी राहिले. मला वाटलं होतं नवरा माझ्यामागून येतोय.

तो आला नाही. गाडी सुटली आणि पहिल्या वळणावर मला तो दिसला. दुसऱ्या डब्यात बसला होता, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले, शेजारी त्या बाईची थोरली मुलगी. तो मला शोधत होता. मी दिसल्यावर त्याने हात वर केला.

मी केला नाही. दोन फेऱ्या होत्या. दुसऱ्या फेरीलाही त्याने हात वर केला, जरा कमी. तेव्हाही नाही केला. इतका राग मला त्या माणसाचा कधी आला नव्हता. एकवीस वर्षं मी ज्या गाडीबद्दल बोलत होते, तिच्यात तो मला सोडून बसला होता.

उतरून आला तेव्हा त्याचा चेहरा फुललेला होता. माझ्याजवळ येईपर्यंत चेहरा उतरला.

"तू बसलास?"

"ती पोरगी म्हणाली, मी येते, चला काका."

"आणि मी?"

"तू निघून गेलीस."

आम्ही खोलीवर गेलो. खोलीला छोटा ओटा होता, समोर खोटं तळं, त्यात प्लास्टिकची बदकं. अजून उजेड होता. तिथे खुर्च्यांवर बसून आम्ही भांडलो. शेजारच्या ओट्यावर एक कुटुंब वेफर्स खात होतं, त्यामुळे हळू आवाजात.

"सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?" मी विचारलं.

"खोटं होतं का?"

"आपल्या दोघांतलं होतं ते."

"दोघांतलं?" तो म्हणाला. "तुझं होतं. मला कधी बोलू दिलंस? घरात सगळ्यांना मीच सांगून ठेवलंय, हिच्यासमोर विषय काढू नका. आईला सांगितलं, भावांना सांगितलं. मग मी कुणाशी बोलायचं? आज त्या टोपीवाल्या पोरीशी बोललो."

मी पुन्हा गाडीच्या विषयावर आले. "आणि तुला ती गाडी कशाला हवी होती? तुझं काय होतं तिच्यात?"

तो बदकांकडे बघत म्हणाला, "मीबी थांबलो होतो तिथं."

"कुठे?"

"तुझ्या बागेत. चौथीत सहल आली होती आमची. पर्वती, तळ्यातला गणपती, मग बाग. गुरुजींनी मला झाडाखाली बसवलं सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या राखायला. म्हणाले, तू शेवटच्या फेरीत जा. मग एसटीची वेळ झाली."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू तुझं सांगत होतीस. त्यात माझं कुठं घालू?"

इथे मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण दोन-तीन दिवसांनी, शाळेत फळ्यावर गणित लिहिताना. त्या वेळी रागच आला. एवढी वर्षं माझी गोष्ट मान डोलावत ऐकली, पुढची वाक्यं म्हटली, आणि स्वतःची दाबून ठेवली. मला असं वाटलं की माझी ती आवडती आठवणही आता पूर्वीसारखी राहिली नाही. आता मी मनाने त्या डब्यात बसले की झाडाखाली चपलांच्या ढिगाजवळ एक पोरगा बसलेला दिसणार. झालंय तसंच. त्याने सांगितलं नसतं तर बरं, असं मी तेव्हा त्याला म्हटलं. म्हणायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या घसरगुंड्यांचं तिकीट होतं. आम्ही नाश्ता केला आणि घरी निघालो. कुणीही 'जाऊ या का' असं विचारलं नाही, दोघांनीही बॅगा भरल्या.

कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडे एक ट्रक बंद पडला होता. पुढे गाड्याच गाड्या. आमचं घर बोगद्याच्या पलीकडे दहा मिनिटांवर आणि आम्ही दीड तास जागच्या जागी. उतरून जाता येत नाही, भांडून दार आपटता येत नाही. खिडक्या उघडल्या तर धूर, बंद केल्या तर घुसमट. अशा ठिकाणी त्याने विचारलं, "तेव्हा आपण दत्तक घ्यायला हवं होतं का?"

मी म्हटलं, "तू एकदाच विचारलं होतंस, दहा वर्षांपूर्वी."

"तू नको म्हणालीस."

"मी 'बघू' म्हणाले होते."

"तुझं 'बघू' म्हणजे नकोच असतं."

"मग पुन्हा विचारायचं."

"मला वाटलं तुला त्रास होईल."

"आणि मला वाटलं, तुझ्या घरच्यांना चालणार नाही."

"आई तयार होती," तो म्हणाला. "तिनेच मला विचारायला सांगितलं होतं."

पुढची गाडी दोन फूट सरकली. त्याने गाडी दोन फूट पुढे घेतली आणि पुन्हा ब्रेक लावला. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, तो पन्नाशीचा. कुणावर ओरडावं हे मला कळेना. त्याच्यावर ओरडावं तर त्याने विचारलं होतं. स्वतःवर ओरडावं तर मी 'बघू' म्हटलं होतं, नको नाही. सासूबाईंवर ओरडायला तर काही कारणच नव्हतं. दहा वर्षं मी त्यांच्या मनात नसलेल्या नकाराला भिऊन होते. मी खिडकीतून त्या बंद पडलेल्या ट्रककडे बघत रडले. नवऱ्याने डॅशबोर्डवरचं फडकं दिलं. त्याला ऑइलचा वास येत होता.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई दारातच मेथी निवडत बसल्या होत्या. "लवकर आलात? कसं हाय पार्क?"

"चांगलं आहे," मी म्हटलं. "गर्दी फार."

"फक्त पाळणेच पाळणे," नवरा म्हणाला आणि आत गेला. मी त्यांच्यासमोर बसले आणि मेथी निवडायला घेतली. त्यांना विचारावं असं फार वाटलं, पण मेथी संपली तरी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

दोन दिवसांनी मी पार्कला तक्रारीचा मेल लिहिला. शिक्षिकेची सवय, मुद्दे घालून. मूल नसलेल्या माणसांना, एकट्या म्हाताऱ्यांना, कुणालाही बागेतल्या गाडीत बसावंसं वाटू शकतं. सुरक्षेचं कारण असेल तर ते बोर्डावर लिहा. आणि रांगेच्या शेवटी नाही, सुरुवातीला लिहा. तिसऱ्या मुद्द्यात 'मला मूल नाही' असं लिहिलं. ते लिहायला मला बाकीच्या पूर्ण मेलपेक्षा जास्त वेळ लागला. दोनदा खोडलं.

पाठवण्याआधी नवऱ्याला वाचायला दिला. त्याने चष्मा लावून सगळा वाचला. "चांगला आहे," म्हणाला, "एवढं एक बदल." आणि 'मला'वर बोट ठेवलं. "आम्हाला."

मी बदललं आणि पाठवून दिलं. उत्तर अजून आलेलं नाही. मी दोनदा आठवण करून दिली आहे.